दूरदेशीच्या गाण्याची तक्रार

रेडिओवरचा एक कार्यक्रम बंद पडू नये म्हणून मी जे काही केलं, त्यानेच तो बंद पडायची वेळ आली, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की लपवून ठेवलं. आमच्या इमारतीत ही हकीकत खालच्या काकांनी, सेक्रेटरींनी आणि माझ्या सासूबाईंनी आपापल्या परीने सगळ्यांना सांगून झालेली आहे, आणि तिघांच्याही सांगण्यात मी मूर्ख ठरलो आहे. माझ्या सांगण्यातही ठरणारच आहे. पण निदान कारणांसहित ठरेन.

मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात आहे. नळाला पाणी आलं नाही की लोक ज्याच्यावर ओरडतात तो मी. वास्तविक पाण्याशी माझा काडीचा संबंध नाही. पाणी सोडणारा वेगळा, अडवणारा वेगळा. मी फक्त ऐकतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं माझ्या खिडकीत तोंड घालून बोलत असतात आणि मी "तुमचं म्हणणं वरपर्यंत पोहोचवतो" असं म्हणत असतो. वर म्हणजे नेमकं कुठे, हे इतकी वर्षं नोकरी करून मला कळलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

अशा माणसाच्या कानांचं काय होतं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. घरी कुणी नुसतं "अहो" म्हटलं तरी मी पत्ता लिहून घ्यायला पेन शोधतो. एका रविवारी दुपारी भांडी पुसता पुसता मी स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बातम्या शोधत होतो. काटा जरा पुढे सरकला आणि एका माणसाचा आवाज लागला. एक नव्हे, एकाच गळ्यातून दोन आवाज येत होते. खाली घुमणारा एक आणि त्याच्यावर शिट्टीसारखा दुसरा. मंगोलियातले गुराखी असं गातात, असं नंतर निवेदिकेने सांगितलं. मी फडकं हातात धरून तसाच उभा राहिलो. तो गृहस्थ कसलीतरी तक्रार करत होता याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. इतक्या वर्षांत तेवढं कळतं. पण ती तो माझ्याकडे करत नव्हता! मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं आणि कळावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. छान आहे."

सासूबाई दारात येऊन थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, याला कुणीतरी पाणी द्या."

"यांच्या खात्यातून?" बायको म्हणाली. "मग मेलाच तो."

कार्यक्रमाचं नाव होतं 'दूरदेशीचं गाणं'. रविवारी दुपारी एक तास. निवेदिकेला कायमची सर्दी. ती बिचारी नाक ओढत ओढत कुठलं कुठलं काय काय आणायची. बल्गेरियातल्या बायका एकमेकींच्या अंगावर धावून गेल्यासारख्या गायच्या आणि तरी ते सुरेल असायचं. माली देशातली वाळवंटी गिटार लागली की सासूबाई नकळत पाय हलवायच्या आणि मी बघितलं की थांबवायच्या. नावं ती इतक्या भरभर सांगायची की मला एकही धरता आलं नाही. पण तोही आरामच होता. आठवडाभर नावं आणि पत्तेच तर लिहून घेतो.

या सुखात एकच खिळा होता, आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. गाण्याने जरा आवाज चढवला की खालून झाडूच्या दांड्याने छताला ठक ठक. त्यांचं छत म्हणजे आमची फरशी. ठक ठक झालं की मी आवाज कमी करायचो. पुन्हा ठक ठक, आणखी कमी. शेवटी शेवटी मी रेडिओला कान लावून, शेजारच्या खोलीतलं बोलणं चोरून ऐकावं तसा मंगोलिया ऐकत असे. जिन्यात काका भेटले की मी बुटाची नाडी बांधायला बसायचो. नाडीचे बूट मी कधीच वापरत नाही, पण काकांना ते माहीत नसावं अशी माझी आशा होती.

अशात एका रविवारी निवेदिका म्हणाली, "श्रोत्यांकडून आम्हाला काहीच प्रतिसाद येत नाही. असंच राहिलं तर हा कार्यक्रम लवकरच थांबवावा लागेल. आपलं म्हणणं आमच्या श्रोता विभागाला फोन करून जरूर कळवा."

मला जेवण जाईना. ऑफिसात एका बाईंच्या गळक्या नळाखाली मी दुसऱ्याच बाईंचा पत्ता लिहिला. आठवड्यातला एकच तास माझा होता आणि तोही जाणार. रात्रीबेरात्री छाती धडधडायला लागली तसं बायकोने रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. यंत्र बघून धडधड वाढली.

"एवढं काय त्यात?" ती म्हणाली. "फोन करा आणि सांगा, कार्यक्रम आवडतो म्हणून."

इथे माझा अनुभव आडवा आला. बायकोला जगाचं ज्ञान आहे, पण कार्यालयांचं नाही. मी तिला समजावून सांगितलं की कौतुकाला कार्यालयात किंमत नसते. पूर्वी एकदा एक सद्गृहस्थ आमच्याकडे, नळाला पाणी वेळेवर येतं, आभारी आहे, असं सांगायला आले होते. आम्ही त्यांना तीन टेबलं फिरवली. हे लिहायचं कुठे? पाणी आलं नाही, कमी आलं, गढूळ आलं, या सगळ्याला रकाने आहेत. आलं याला नाही. शेवटी त्यांना 'इतर'मध्ये टाकलं, तर वरून विचारणा आली की 'इतर' म्हणजे काय ते खुलाशासह कळवा. तो खुलासा अजून चालू आहे. तात्पर्य, कुणाला हलवायचं असेल तर तक्रार केली पाहिजे. तक्रारीची नोंद होते, नोंदीची फाईल होते आणि फाईल झाली की माणसं जागी होतात.

"म्हणजे आवडलेल्या कार्यक्रमाची तक्रार करायची?"

"कार्यक्रम फार छोटा आहे, अशी तक्रार करायची."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि भाजी चिरायला घेतली. तिचं हे भाजी चिरणं मी वेळीच ओळखायला हवं होतं.

मी दारोदार फिरलो. स्वभावाने मी दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवायच्या आधी ती बिघडलेली असावी अशी इच्छा करणारा माणूस आहे, यावरून माझी तळमळ कळावी. सेक्रेटरी म्हणाले, तक्रार इमारतीच्या वतीने करायची की वैयक्तिक? इमारतीच्या वतीने असेल तर सभा बोलवावी लागेल आणि सभा बोलवली तर पार्किंगचा विषय निघेल. मी वैयक्तिक म्हटलं. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या पेशंटनाही सांगते. त्यांचं तोंड उघडं असतं तेव्हा त्यांना नाही म्हणता येत नाही." तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने मला तक्रारीऐवजी रोज सकाळी मनुका खायचा सल्ला दिला, पण फोन करायचं कबूल केलं.

राहिले काका. त्यांच्याकडे जायची माझी छाती नव्हती म्हणून सासूबाईंना पुढे केलं आणि मी जिन्यात नाडी बांधत बसलो. काकांचा आवाज वरपर्यंत येत होता.

"तक्रार? करतो की! कुणाविरुद्ध?"

सासूबाईंनी सांगितलं.

"पण न ऐकता नाही करणार," काका म्हणाले. "मी आयुष्यात खोटी तक्रार केलेली नाही. माझ्याकडे रेडिओ नाही. जावईबापूंना म्हणावं, रविवारी तुमचाच जरा मोठा लावा. मी खालून ऐकतो आणि काय ते ठरवतो."

काकांचं बघून सगळ्यांनीच तत्त्व काढलं. न ऐकता तक्रार करायची नाही! त्या रविवारी घराघरांतून रेडिओ बाहेर निघाले आणि सगळ्या खिडक्यांतून पेरू देशाच्या डोंगरातली बासरी वाजली. पूर्ण तास मी फरशीकडे बघत बसलो होतो, पण खालून एकदाही ठक ठक झालं नाही. सोमवारी सगळ्यांनी फोन केले. मी तृप्त होतो. रक्तदाबही उतरला.

पुढच्या रविवारी निवेदिका म्हणाली, "या आठवड्यात आमच्या कार्यक्रमाबद्दल श्रोत्यांच्या खूपच तक्रारी आल्या. इतक्या तक्रारी आजवर कुठल्याही कार्यक्रमाबद्दल आलेल्या नाहीत, असं वरिष्ठांनी सांगितलं. त्यामुळे पुढच्या रविवारी हा कार्यक्रम आपला निरोप घेईल." मग कागद बाजूला ठेवल्याचा आवाज आला. "आपल्याला इतका त्रास होत होता हे मला ठाऊक नव्हतं. माफ करा." आणि तिने नाक ओढलं. ती सर्दी होती की दुसरं काही, ते कळायला मार्ग नव्हता, आणि मला कळून घ्यायचंही नव्हतं.

माझ्या हातात पातेलं होतं. ते कुठे ठेवायचं हे मला सुचेना. आमच्या ऑफिसातही हेच होतं! दर महिन्याला वर फक्त आकडा जातो. कोण म्हणालं, काय म्हणालं, का म्हणालं, हे कुणी वाचत नाही. आणि तो आकड्यांचा तक्ता कोण करतं? मी करतो. आखून, बेरीज करून, सही करून. ही गोष्ट जगात ज्याला नक्की ठाऊक असायला हवी होती, तोच माणूस पातेलं घेऊन उभा होता. त्या बाईने एकटीने जगभरातून गाणी वेचून आणावीत, आणि तिचा एकुलता एक भक्त मी, मीच तिच्या पायाखालची फळी काढावी. मला स्वतःची इतकी लाज वाटली की बायकोने पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं.

"आता?" सासूबाईंनी विचारलं. "बल्गेरियातल्या त्या भांडकुदळ बायका नाही लागणार?"

मंगळवारी अर्धी रजा टाकून मी रेडिओ केंद्रावर गेलो. श्रोता विभागाच्या खिडकीपुढे उभा राहिलो आणि वाकून बघितलं. आत मीच बसलो होतो. म्हणजे चेहरा वेगळा होता, पण टेबलावरचा झाकण हरवलेला पाण्याचा जग तोच, पाठीला लावलेली उशी तीच, आणि समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायची पद्धत तंतोतंत माझी. मी सगळं सांगितलं. मंगोलिया, सासूबाई, काका, तक्रारी. त्यांनी माझं बोलणं मध्ये एकदाही तोडलं नाही. मीही तोडत नाही. लोक आपोआप दमतात.

"तुमचं म्हणणं वरपर्यंत पोहोचवतो," ते म्हणाले.

"वर म्हणजे कुठे?" मी ओरडलो. खरंच ओरडलो. रांगेतली माणसं चपापली. त्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या दुखावलेल्या नजरेने बघितलं, ती नजर मी रोज बाथरूमच्या आरशात बघतो. मी लगेच माफी मागितली आणि मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला स्टूल दिलं. त्यांच्याकडे चार दिवस पाणी नव्हतं, तेही मी ऐकून घेतलं.

"बघा," मग ते हळू आवाजात म्हणाले, "तक्रार मागे घेता येते. पण ज्याने केली त्याने स्वतः यायला हवं. शनिवारी दुपारपर्यंत. त्यानंतर तक्ता वर जातो."

मला वाद घालता येईना. आमच्याकडेही हाच नियम आहे आणि मी तो कित्येकांना असाच हळू आवाजात सांगितलेला आहे.

शनिवारी अख्खी इमारत रेडिओ केंद्रावर न्यायची होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या एका पेशंटची शाळेची गाडी होती; दाढ काढायच्या आधी त्यांनी त्याच्याकडून होकार घेतला. पहिलीतल्या मुलांच्या मापाच्या बाकांवर आम्ही गुडघे हनुवटीला लावून बसलो. सेक्रेटरींनी हजेरी घेतली. रस्त्यात दोन सिग्नल लागले आणि दोन्ही वेळा मी घड्याळ बघितलं. काका माझ्याच बाकावर होते आणि मला नाडी बांधायला वाकायलाही जागा नव्हती.

"एक आधीच सांगून ठेवतो," काका म्हणाले. "मी तक्रार मागे घेणार नाही."

"काका!"

"आजवर एकही घेतलेली नाही. त्या रेडिओवाल्यांचं काय ते बघायला आलोय."

इतक्या जणांनी मागे घेतली आणि एक शिल्लक राहिली, तरी तक्त्यात ती एकटीच डोळ्यांत भरेल. मी स्वतः असे एकुलते आकडे लाल शाईने लिहितो.

खिडकीवर सुरुवात बरी झाली. पण आमची माणसं म्हणजे, खिडकी दिसली की बोलल्याशिवाय हलायची नाहीत. सेक्रेटरींनी तक्रार मागे घेतली आणि तिथे बसायला बाक नाही अशी नवी केली. तिसऱ्या मजल्याने मागे घेतली आणि पंखा फिरत नाही अशी केली. डॉक्टरीणबाईंनी निवेदिकेला वाफ घ्यायला सांगा, असं लिहून घ्यायला लावलं. सासूबाईंनी तर काहीच मागे घेतलं नाही. त्या बायका पुन्हा कधी लागणार, एवढंच विचारत राहिल्या. आतल्या गृहस्थांची लेखणी खाली-वर होत होती आणि मला त्यांची दया येत होती. मग काका पुढे झाले.

"माझी तक्रार कायम आहे. लिहा. कार्यक्रम छोटा आहे. एका तासाने काय होतं? ती बासरी रंगात आली आणि यांनी बंद केली. हा काय न्याय झाला?"

गृहस्थांनी लेखणी थांबवली. "म्हणजे ही तक्रार कार्यक्रमाविरुद्ध आहे की बाजूने?"

"तक्रार ती तक्रार," काका म्हणाले. "बाजूने कशी असेल? पण कार्यक्रम चांगला आहे."

गृहस्थ तक्त्याकडे बघत राहिले. रकाना सापडेना. मागे रांग चुळबुळत होती. बारा वाजत आले होते आणि बारा वाजता तक्ता वर जाणार होता. माझ्या छातीत यंत्राशिवायही मोजता येईल इतकी धडधड होत होती. आणि त्याच क्षणी मला पाणी वेळेवर आल्याबद्दल आभार मानणारे ते सद्गृहस्थ आठवले.

मी खिडकीत तोंड घातलं. "इतर," मी म्हणालो. "इतरमध्ये टाका."

त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. "अहो, 'इतर' वाढलं की वरून विचारणा येते."

"माहितीये."

"चौकशी लागते."

"माहितीये ना. आमची अजून चालू आहे."

मग त्यांनी पाण्याचा जग बाजूला सरकवला, पट्टी घेतली, आणि सकाळपासूनची पानं पुन्हा काढून मागे घेतलेली, न घेतलेली, बाकाची, पंख्याची, वाफेची, बायकांची, अशी सगळ्यांची म्हणणी एकेक करून 'इतर'मध्ये नेली. शेवटी काकांची. मी त्यांचा हात हातात घेतला. पाण्याचं बघतो, असं मी त्यांना म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर बघायचं ठरवलं.

रविवारी आम्ही तिघं रेडिओपुढे बसलो. सासूबाईंनी पदर घट्ट लपेटून घेतला होता. मी यंत्राचा पट्टा दंडाला बांधूनच बसलो होतो. कार्यक्रमाची धून वाजली. निवेदिकेने नाक ओढलं.

"आपल्या कार्यक्रमाबद्दल 'इतर' या स्वरूपाचा प्रतिसाद फार मोठ्या प्रमाणावर आला आहे. तो नेमका कसला, याची वरिष्ठ पातळीवर चौकशी सुरू आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत कार्यक्रम चालू राहील."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "किती दिवस चालते अशी चौकशी?"

"मी निवृत्त होईपर्यंत तरी संपणार नाही," मी म्हणालो.

मग तोच लागला. तोच मंगोलियातला, एका गळ्यात दोन आवाजवाला. मी डोळे मिटले. आवाज वर चढला आणि खालून ठक ठक झालं.

इतकं सगळं होऊनही! मी गुपचूप आवाज कमी केला. ठक ठक ठक. आणखी कमी केला. आता तर धडाधड दांडा बसायला लागला. मनाला फार लागलं. एका बाकावर गुडघ्याला गुडघा लावून गेलो होतो आम्ही. मी रेडिओ बंदच केला.

जिन्यात पावलं वाजली. बेल वाजली. दारात बनियनवर काका, हातात झाडू.

"बंद काय केलात?" ते ओरडले. "मघापासून वाढवा म्हणून ठोकतोय!"

"पण काका, तुम्ही आजपर्यंत कमी करा म्हणून ठोकत होतात."

"तेव्हा कमी करा म्हणूनच ठोकत होतो."

"मग मला कसं कळणार कशासाठी ठोकताय ते?"

काकांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. त्यांची नजर माझ्या बिननाडीच्या चपलांवर जरा थांबली.

"तक्रार विभागात आहात ना तुम्ही?" ते म्हणाले. "माणूस काय म्हणतोय ते ऐकायला शिका जरा."

मग त्यांनी झाडू दाराला टेकवला, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून रेडिओजवळ बसले, आणि मी आवाज वाढवला.